अक्षता पडतात तेव्हा फ्लॅश का थांबतो?

करमाळा तालुक्यातून एका ताईंचं पत्र आलं आहे. वडिलांचा फोटो स्टुडिओ आता त्या धाकट्या भावाच्या मदतीने चालवतात. लग्नं, साखरपुडे, डोहाळजेवणं, वाढदिवस अशी कामं घेतात. दोघांकडे मिळून पेन्सिल सेलवर चालणारे दोन फ्लॅश आणि कॅमेऱ्यावरून ते उडवणारा एक ट्रिगर आहे. त्या लिहितात:

"सेल 3200 एमएएचचे आहेत, चार्जर त्यांच्यासोबतच आला होता. रात्रभर लावून ठेवते. पहिले साठ-सत्तर फोटो छान निघतात, मग फ्लॅश भरायला दहा-दहा सेकंद लागतात. मागच्या लग्नात 'शुभमंगल सावधान' झालं, अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, हार घालून झाले, तरी फ्लॅशचा लाल दिवा काही लागेना. आता नवीन सेल घ्यायचेत. 2000 चे घेऊ की 2500 चे? दुकानदार म्हणतो, यूएसबीवर चार्ज होणारे दीड व्होल्टचे लिथियम सेल घ्या. भाऊ म्हणतो, सेल पूर्ण उतरवल्याशिवाय चार्जिंगला लावायचेच नाहीत. की हे सगळं सोडून लिथियम बॅटरीचा फ्लॅशच घ्यावा? तुळशीच्या लग्नानंतर तारखा सुरू होतात, त्याआधी काय ते ठरवायचं आहे."

ताई, नमस्कार.

आधी हातातल्या सेलबद्दल. तुमचे पुन्हा चार्ज होणारे 1.2 व्होल्टचे सेल निकेल मेटल हायड्राइडचे, आणि एमएएच म्हणजे सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप. पेन्सिल सेलच्या आकारात निकेल मेटल हायड्राइडचे 3200 एमएएच बसतच नाहीत. चांगल्या कंपन्यांचे सगळ्यात मोठे सेलही 2500 ते 2800 च्या आसपास थांबतात. त्यापुढचा आकडा छापलेला दिसला की तो खोटा समजायचा, आणि जो वेष्टनावर खोटं छापतो त्याने आत काय भरलंय याचाही भरवसा धरायचा नाही. शेजारच्या किराणा दुकानात इलेक्ट्रॉनिक काटा असेलच, त्यावर एक सेल ठेवून बघा. 2000 चा अस्सल सेल 26-27 ग्रॅम भरतो, 2500 चा 30 ग्रॅमच्या जवळपास. तुमचा सेल यापेक्षा चांगलाच हलका निघाला तर तो फ्लॅशमधून आजच काढा.

आता 2000 की 2500? माझं उत्तर 2000, आणि त्यामागचा हिशोब तुमच्यासमोर मांडतो, म्हणजे दुकानात कोणी मोठा आकडा दाखवला तरी मन डळमळणार नाही.

फ्लॅशच्या पोटात एक मोठा कपॅसिटर असतो. सेलमधली वीज आधी 300 व्होल्टच्या वर चढवून त्यात साठवली जाते आणि बटण दाबलं की ती एका झटक्यात ट्यूबमधून बाहेर पडते. (म्हणूनच बिघडलेला फ्लॅश घरी उघडू नका. सेल काढून ठेवले तरी कपॅसिटरमध्ये जीवघेणा झटका शिल्लक राहू शकतो.) कॅमेऱ्यावर बसणाऱ्या मोठ्या फ्लॅशमध्ये फुल पॉवरच्या एका चमकेला अंदाजे 75 ज्यूल लागतात असं धरू. 2500 एमएएचच्या चार सेलमध्ये मिळून 12 वॅट-अवर, म्हणजे 43,200 ज्यूल असतात. गोडॉक्सच्या टीटी-685 सारख्या फ्लॅशसाठी कंपनी अशा सेलवर फुल पॉवरच्या सुमारे 230 चमका सांगते. 230 गुणिले 75 म्हणजे 17 हजारांच्या आसपास. याचा अर्थ सेलमधली निम्म्याहून कमी वीज प्रकाशापर्यंत पोहोचते, बाकीची उष्णतेत जाते किंवा सेलमध्येच अडकून राहते. याच प्रमाणात 2000 च्या सेलवर 180 च्या वर चमका मिळतात. फरक पडतो तो 45-50 चमकांचा, आणि तोही प्रत्येक फोटो फुल पॉवरवर काढला तर. तसं तुम्ही काढत नसालच.

त्या 45-50 चमकांसाठी काय द्यावं लागतं तेही बघा. पॅनासॉनिकच्या एनलूपचं उदाहरण घेऊ, कारण हे सेल फोटोग्राफरांमध्ये सर्वात जास्त चालतात. पांढरा एनलूप 2000 च्या वर्गातला आहे. तो 2100 वेळा चार्ज करता येतो असं कंपनी सांगत आली आहे. काळा एनलूप प्रो 2500 चा, त्याला कंपनीने सांगितलेला आकडा 500. प्रयोगशाळेतले हे आकडे आपल्या वापरात तसेच्या तसे उतरणार नाहीत, पण दोघांमधलं अंतर खरं आहे. तेवढ्याच आकारात जास्त माल कोंबायचा तर आतले पडदे पातळ करावे लागतात, आणि पातळ पडद्याचा सेल उष्णता व धसमुसळा वापर कमी सोसतो. तुमचं काम वैशाखातल्या पत्र्याच्या मांडवात चालतं. तिथे सोशिक सेल हवा.

एनलूपचं नाव घेतलंच आहे तर आणखी एक. 2005 साली सान्यो कंपनीने हे सेल बाजारात आणले, पुढे सान्यो पॅनासॉनिककडे गेली. त्याआधीचे निकेल मेटल हायड्राइड सेल नुसते पडून राहिले तरी महिन्याभरात पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त वीज गमवायचे. एनलूपपासून पुढे जे सेल आले ते वर्षभरानंतरही बरेचसे भरलेले असतात. पाकिटावर 'रेडी टू यूज' किंवा 'प्री-चार्ज्ड' असं लिहिलेलं असलं की ते या जातीचे समजा. जपानमध्ये बनलेले फुजित्सूचे सेलही याच तोडीचे आहेत. तुमच्या धंद्यात याचं महत्त्व फार. एका आठवड्यात चार मुहूर्त येतात आणि मग चातुर्मासात बॅग कपाटात जाते. अचानक एखादं बारसं आलं तर रात्रीत चार्जिंगला वेळ मिळेलच असं नाही. अशा वेळी बॅगेत भरलेला सेट भरलेलाच सापडायला हवा.

यूएसबीच्या लिथियम सेलकडे येऊ. दुकानदार म्हणतो दीड व्होल्ट, तुमचे 1.2 व्होल्ट, मग दीड व्होल्ट चांगले, असं कोणालाही वाटेल. पण फ्लॅश भरताना सेलकडून एकदम मोठा प्रवाह मागतो, आणि तो देताना सेलच्या आतल्या रोधामुळे व्होल्टेज खाली येतं. समजा मागणी 5 अँपिअरची आहे. साध्या अल्कलाइन सेलचा आतला रोध 0.15 ओहम धरला तर 0.75 व्होल्ट आतच संपतं, दीडपैकी निम्मं उरतं. चांगल्या निकेल सेलचा रोध 0.03 ओहमच्या आसपास असतो. तिथे 0.15 व्होल्ट जातं आणि 1.05 उरतं. म्हणून 1.2 चा सेल दीडच्या अल्कलाइनपेक्षा फ्लॅश लवकर भरतो. घागर केवढीही मोठी असली तरी तोंड अरुंद असेल तर पाणी धारेनेच पडणार.

यूएसबीच्या लिथियम सेलचं तोंड तर मुद्दाम अरुंद ठेवलेलं असतं. आत खरा सेल 3.7 व्होल्टचा असतो आणि त्याचं दीड व्होल्ट करणारं एक चिमुकलं सर्किट टोपीखाली बसवलेलं असतं. ते सर्किट बहुतेक सेलमध्ये दोनेक अँपिअरच्या पुढे जात नाही. फ्लॅशने जास्त मागितलं की सर्किट तापतं किंवा सरळ बंद पडतं. दुसरी अडचण अशी की हे सेल शेवटपर्यंत दीड व्होल्ट दाखवतात आणि मग एकदम मान टाकतात. निकेलचा सेल थकताना कळतो, फ्लॅशची चीं-चीं लांबत जाते आणि तुम्हाला सेट बदलायला सवड मिळते. इथे ती सवड नाही. वेष्टनावरचा आकडाही नीट वाचा. त्यावर एमएएच नसून एमडब्ल्यूएच, म्हणजे एमएएचला व्होल्टने गुणून आलेला आकडा, लिहिलेलं असतं. 3000 एमडब्ल्यूएच ऐकायला मोठं वाटतं, पण 2000 एमएएचचा निकेल सेल याच मापात 2400 भरतो. माऊस, कीबोर्ड, रिमोट यांना हे सेल खुशाल घाला. फ्लॅशला नको.

दोन गोष्टी मात्र कधीही फ्लॅशमध्ये घालू नका. एक, 14500 असा आकडा असलेले लिथियम सेल. आकार अगदी पेन्सिल सेलचा, पण एकेक 3.7 व्होल्टचा, पूर्ण भरला की 4.2. चार सेल मिळून सहाच्या जागी जवळपास 17 व्होल्ट जातील आणि फ्लॅश तिथेच संपेल. दुसरी, निकेल-झिंकचे 1.6 व्होल्टवाले सेल. फ्लॅश भराभर भरतो म्हणून काही जण ते वापरतात, पण चार्जरवरून काढल्या काढल्या एकेक सेल 1.8 व्होल्टच्या घरात असतो आणि फ्लॅशच्या सर्किटवर तो भार रोज पडतो.

आता तुमच्या पत्रातला जो प्रश्न तुम्ही विचारलाच नाही, पण मला सर्वात महत्त्वाचा वाटतो तो. हे आठ-दहा सेल तुम्ही कसे वापरता? माझा अंदाज, सगळे एका डब्यात असतात आणि हाताला लागतील ते चार फ्लॅशमध्ये जातात. फ्लॅशमध्ये चारही सेल एकामागे एक जोडलेले असतात. एकच प्रवाह चौघांतून जातो. त्यातला एक जुना किंवा अर्धवट भरलेला असेल तर तो आधी रिकामा होतो, पण बाकीचे तिघे दम धरून असतात आणि प्रवाह ढकलतच राहतात. मग त्या रिकाम्या सेलचं व्होल्टेज शून्याखाली जातं, म्हणजे तो उलटा चार्ज होऊ लागतो. असं चार-दोन वेळा झालं की तो सेल कायमचा जायबंदी होतो आणि पुढच्या वेळी आणखी लवकर रिकामा होतो. तुमचे सेल मुळात सुमार असतीलच, पण साठ-सत्तर फोटोंनंतर दहा सेकंदांवर जाणं यामागे मला असा एखादा आजारी सेलही दिसतो.

तो शोधायला साधा मल्टीमीटर पुरतो. पुढच्या वेळी फ्लॅश मंदावला की चारही सेल काढा आणि लगेच एकेकाचं व्होल्टेज बघा. तीन सेल 1.22, 1.21, 1.22 आणि चौथा 1.04 असं काहीतरी दिसेल. हात लावलात तर अनेकदा तोच इतरांपेक्षा गरम लागतो. त्याला तिथेच बाजूला करा. चौघांचे आकडे जवळजवळ सारखे आले, तर सेट खरोखर उतरला आहे, दोष कोणा एकाचा नाही.

नवीन सेल आले की पाकीट फोडल्याबरोबर पक्क्या शाईच्या मार्करने चारहींवर एकच खूण करा: पहिल्या पाकिटाला 1, दुसऱ्याला 2, शेजारी महिना आणि वर्ष. त्यानंतर ते चार सेल एकत्रच फ्लॅशमध्ये जातील, एकत्रच बाहेर येतील आणि एकत्रच चार्जरवर बसतील. चार सेल बसतील अशा प्लॅस्टिकच्या डब्या मिळतात, त्या प्रत्येक सेटला एक घ्या. भरलेला सेट टोपी वर करून ठेवायचा, वापरलेला सेट उलटा, सपाट बूड वर. मंडपातल्या गडबडीत भावाने डबी उघडली की विचारायची वेळ येत नाही. खिशात मात्र सुटे सेल टाकू नका. किल्ल्या किंवा नाण्यांनी दोन्ही टोकं जोडली गेली तर सेल चटका बसण्याइतका तापतो.

चार्जरवर मी तुम्हाला सेलपेक्षाही जास्त आग्रह करीन. सेलसोबत येणारा रात्रभराचा चार्जर बहुधा घड्याळावर चालतो. सेल अर्धा भरलेला आहे की रिकामा, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं, ठरलेले तास वीज ढकलत राहतो. भरलेल्या सेलमध्ये ढकललेली वीज उष्णता होते आणि सेल आतून सुकत जातो. यातले काही चार्जर दोन-दोन सेलची जोडी करून चार्ज करतात, म्हणजे जोडीतला एक नेहमी उपाशी किंवा दुसरा नेहमी अजीर्ण झालेला.

तुम्हाला हवा तो प्रत्येक खाचेचा हिशोब वेगळा ठेवणारा चार्जर. निकेलचा सेल भरत असताना त्याचं व्होल्टेज चढत जातं आणि पूर्ण भरल्या क्षणी काही मिलिव्होल्टने खाली येतं. चांगला चार्जर तो एवढासा उतार ओळखून त्या खाचेपुरता थांबतो. दुकानात ओळखायची खूण सोपी आहे: चार सेलना चार दिवे हवेत आणि एकटा सेल लावला तरी चार्जिंग सुरू व्हायला हवं. पॅनासॉनिकचा बीक्यू-सीसी 17 असा आहे, तो सावकाश, सातेक तासांत भरतो. सीसी 55 याहून वेगवान, चार सेलना तीनेक तास. थोडे पैसे जास्त घालता आले तर स्क्रीनवाला घ्या, जो सेल आधी रिकामा करून मग भरतो आणि त्यात खरोखर किती एमएएच आहेत ते दाखवतो. 2000 च्या सेलला 500 ते 1000 मिलिअँपिअरचा वेग ठीक. 200 वर ठेवलात तर व्होल्टेजचा तो उतार इतका पुसट होतो की चार्जरच्या नजरेतून निसटू शकतो. चार्जिंग पंख्याखाली, मोकळ्या जागी करा. उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा गादीवर नको.

भावाचं म्हणणं कुठून आलं ते मला ठाऊक आहे. जुन्या निकेल-कॅडमियम सेलना अर्धवट उतरवून चार्ज करण्याची सवय बाधायची. मेटल हायड्राइडला ती बाधा अगदी किरकोळ आहे. संध्याकाळच्या रिसेप्शनआधी अर्धा उतरलेला सेट निःशंक चार्जरला लावा. उलट सेल टॉर्चमध्ये घालून ठार रिकामे करण्याची जी पद्धत आहे, तिने वर सांगितलेला उलट्या चार्जिंगचा धोका ओढवतो. तीन-चार महिन्यांतून एकदा स्क्रीनवाल्या चार्जरमधलं 'रिफ्रेश', म्हणजे रिकामं करून पुन्हा भरणं, चालवलं की पुरे. त्याच वेळी स्क्रीनवरचे आकडे वहीत उतरवा. 2000 चा सेल 1600 च्या खाली आला की त्याला फ्लॅशमधून निवृत्त करून ट्रिगरमध्ये घाला. ट्रिगरची मागणी कमी, तिथे तो आणखी बरीच वर्षं काढतो. त्यानंतर भिंतीवरचं घड्याळ आहेच.

सेल कितीही चांगले घेतले तरी अक्षतांचे ते दहा-पंधरा सेकंद फुल पॉवरवर निभत नाहीत, हेही सांगायला हवं. ताज्या सेलवरही फुल पॉवरनंतर दोन-अडीच सेकंद थांबावं लागतं. तेवढ्यात अंतरपाट दूर होऊन नवरीचा हात हारापर्यंत गेलेला असतो. कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, म्हणजे आयएसओ, 400 वर असताना फुल पॉवर लागत असेल तर 1600 वर तोच उजेड पाव पॉवरमध्ये मिळतो, फ्लॅश सेकंदाच्या आत तयार होतो आणि त्याच सेटवर जवळपास चौपट चमका निघतात. आजचे कॅमेरे 1600 वर छान फोटो देतात, अल्बमच्या पानावर फरक दिसत नाही. मंगलाष्टकांचं शेवटचं कडवं सुरू झालं की ताजा सेट घालून घ्या, आधीचा अर्धा शिल्लक असला तरी. ताजा सेट घालूनही फ्लॅश रेंगाळत असेल तर सेलला दोष देऊ नका. सलग फुल पॉवरने ट्यूब तापली की फ्लॅश स्वतःला जपण्यासाठी वेग कमी करतो. त्याला काही मिनिटं विसावू द्या.

लिथियम बॅटरीच्या फ्लॅशबद्दल. चीज चांगली आहे यात शंका नाही. गोडॉक्सचा व्ही-1 एका बॅटरीवर फुल पॉवरच्या 480 चमका देतो आणि दीड सेकंदात भरतो, असं कंपनी सांगते. पण ती बॅटरी त्याच फ्लॅशची. ती संपली किंवा फुगली तर करमाळ्यात दुसरी मिळणार नाही, म्हणजे फ्लॅशसोबत जोडबॅटरी घ्यावीच लागते. तुमचे दोन्ही फ्लॅश धडधाकट आहेत. या मोसमात त्यांनाच चांगले सेल द्या. पुढे तिसरा फ्लॅश घ्यायची वेळ येईल तेव्हा तो लिथियमचा घ्या आणि हे दोघे मागच्या उजेडासाठी स्टँडवर लावा.

तर खरेदी अशी करा: 2000 च्या वर्गातल्या चार सेलची पाच पाकिटं. प्रत्येक फ्लॅशला दोन सेट आणि पाचव्यातले दोन ट्रिगरमध्ये, दोन राखीव. एक चांगला चार्जर आत्ता, दुसरा पहिल्या दोन लग्नांचे पैसे आल्यावर. पाचही पाकिटं आत्ता झेपत नसतील तर तीनच घ्या, पण चार्जरमध्ये काटकसर करू नका. मुंबईला बोरा बाजारात किंवा पुण्यात जाणं होत असेल तर कॅमेऱ्याच्या नेहमीच्या दुकानातून पक्क्या बिलावर घ्या. एनलूपचे नकली सेल फिरत असतात आणि भाव फारच उतरलेला दिसला तर संशय घ्यायला हरकत नाही. घरी आणल्यावर काट्यावर ठेवून बघा.

जुने 3200 वाले कचऱ्याच्या गाडीत टाकू नका. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेले सेल परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून ते एका डब्यात साठवा आणि सेल घ्यायला शहरात जाल तेव्हा ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात देऊन या.